तिसऱ्या घोड्यावरचा ढग

आईच्या डोळ्यांतला मोतीबिंदू काढला आणि आमच्या घरातला टीव्ही बिघडला.

तसा टीव्ही होता तसाच होता, आईला तो आता दिसायला लागला होता. डोळ्यावरची पट्टी सुटल्यापासून ती घरभर खोट काढत हिंडत होती. जनेलाच्या, म्हणजे खिडकीच्या, गजांवर धूळ किती, डब्यांची झाकणं तेलकट कशी, देवाच्या तसबिरीला कोळिष्टक कसं. मग मला हाताला धरून उजेडात नेलं आणि म्हणाली, "अगो बाय माजे, तू तर म्हातारी झालंस मगे!" चाळिशी उलटून गेलेली बाई मी, केस पिकणार नाहीत तर काय होणार? म्हटलं, "तुझ्याच घरात पिकले ते. तुला दिसले नाहीत एवढंच." त्यावर ती खळखळून हसली. कितीतरी वर्षांनी ती अशी हसली, म्हणून मी राग गिळला.

त्याच दिवशी तिन्हीसांजेला देवाकडे दिवा लावून ती टीव्हीसमोर तिच्या कदेलावर, त्या जुन्या खुर्चीवर, बसली. हा तिचा रोजचा नेम. आधी दिवा, मग शिगम्याच्या नाचाची ती चित्रफीत, मग रात्रीचं जेवण. मी पेनड्राइव्ह लावला आणि आत नारळ खवायला बसले. तेवढ्यात तिची हाक आली.

"अगो, हय ये बघू. ह्यो कसलो डाग? धुक्यासारको. आणि माज्या झिलाच्या तोंडावरच कित्याक?"

झील म्हणजे तिचा मुलगा, माझा धाकटा भाऊ. खवणीवर माझा हात तसाच राहिला. तो डाग मला टीव्ही घरात आला त्या दिवसापासून माहीत होता.

माझं कामच ते. तुयेच्या औद्योगिक वसाहतीत मी ज्या फॅक्टरीत आहे, तिथे स्क्रीन जोडतात. मी तपासणीला. काळे पडदे लावलेल्या खोलीत बसायचं, डोळ्यांना आधी अंधाराची सवय होऊ द्यायची, मग समोर येणाऱ्या प्रत्येक स्क्रीनवर नुसता पांढरा, नुसता करडा, नुसता काळा रंग लावून बघायचं. उजेड सगळीकडे सारखा आहे की नाही, एवढंच. लोकांना वाटतं स्क्रीन आपली आपण उजळते. कसली उजळते! एलसीडी म्हणजे नुसता पडदा. उजेड मागून यावा लागतो, आणि स्वस्तातल्या टीव्हीत तर तो मागूनही येत नाही, कडेने येतो. कडेला बारीक एलईडीची पट्टी असते. तिचा उजेड प्लास्टिकच्या एका जाड तावात शिरतो आणि त्या तावाने तो सगळीकडे सारखा नेऊन पोचवायचा, तव्यावर घावनाचं पीठ पसरावं तसा. आता घावन तरी कधी सगळीकडे सारखं होतं का? चौकट एका बाजूला जरा जास्त आवळली गेली, आतला ताव गरमीने किंचित वाकला, की तिथून उजेड गळायला लागतो. चित्र लख्ख असेल तर कुणाला पत्ता लागत नाही. अंधाराचं चित्र आलं की मात्र काळ्या जागी करडे फुगारे उठतात. त्याला इंग्रजीत बरीच नावं आहेत. आमच्या लाइनवर बेळगावकडची एक बाई माझ्या आधीपासून आहे, तिने मला शिकवताना सांगितलं, "अक्का, ह्याला आपण ढग म्हणायचं. ढग दिसला की स्क्रीन बाजूला काढायची, इचार करत बसायचा नाही." तेव्हापासून आम्ही सगळे ढगच म्हणतो.

असले डोळे घेऊन घरी आलं की जगणं कठीण होतं. पाहुण्यांकडे मालिका लागलेली असते, नायिकेचं कोण तरी मेलेलं असतं, सगळ्या बायका डोळे पुसत असतात आणि मी मेली बघत असते की खालच्या कोपऱ्यात पिवळेपणा किती आहे. भावाला याची भारी गंमत वाटायची. कामावर निघताना तोंड पुढे करून म्हणायचा, "ताई, पास की रिजेक्ट?" मी टपली मारायची.

तो माझ्याहून पुष्कळ लहान. वडील लवकर गेले, म्हणून आईने आणि मी मिळूनच त्याला वाढवलं. मोठा झाल्यावर तुयेलाच दुसऱ्या एका फॅक्टरीत पॅकिंगला लागला. त्याचा मित्र पण तिथेच होता. हा मित्र आमच्याच वाड्यावरचा, चार घरं सोडून राहणारा. दोघं आमच्या अंगणात वाढले, आमच्या टोपातली पेज जेवले. आई जेवायला हाक मारायची ती एकच, आणि यायचे दोघे. नोकरीला लागल्यावर दोघांनी मिळून एक मोटरसायकल घेतली. आज याने चालवायची, उद्या त्याने.

त्या संध्याकाळी मित्र चालवत होता. डिचोलीकडच्या उतारावर खनिजाच्या ट्रकातून सांडलेला लाल चुरा पसरलेला होता, त्यावर गाडी घसरली. मित्राचा पाय मोडला. माझा भाऊ जागच्या जागी गेला.

तेराव्यानंतर मित्र कुबडी घेऊन आमच्या पायरीशी आला. आई पडवीत बसलेली होती. तिने त्याच्याकडे बघितलं आणि विचारलं, "तू कित्याक उरलंस?" ओरडली नाही, शिव्या दिल्या नाहीत. नुसतं विचारलं. तो कुबडीवर वळला आणि आला तसा परत गेला. त्यानंतर तो आमच्या घरी कधीच आला नाही. रस्त्यात समोरून आला तर आई तोंड फिरवायची. मला तो तुयेला दिसायचा, अजून लंगडत होता. वसाहतीच्या एकाच कँटीनमध्ये त्याचा बाक वेगळा, माझा वेगळा. आम्ही दोघं दुसरीकडे बघत जेवायचो. मला त्याचा राग होता का? होता. त्याची कीवही येत होती. दोन्ही एकदम वाटायचं, म्हणून मी बघायचंच टाळत होते.

आता चित्रफितीचं सांगते. आमच्याकडे शिगम्याला देवळासमोरच्या मांडावर घोडेमोडणी होते. कमरेला लाकडी घोडा बांधायचा, पुढे घोड्याचं तोंड, मागे शेपूट, मधे पायापर्यंत रंगीत कापड. डोक्याला फुलं लावलेली पगडी, हातात तलवार, पायात घुंगरू. ढोलताशावर रांग पुढे येते, मागे जाते, वळते. सगळ्यांचा पोशाख सारखा. ऐन नाचात आयांनाही आपला मुलगा चालीवरूनच ओळखावा लागतो. भाऊ गेला त्याच्या आधीच्या शिगम्यात वाड्यावरच्या एकाने मोबाइलवर थोडंसं चित्रण केलं होतं. दिवस मावळून गेलेला, मांडावर एकच दिवा, तोही नाचणाऱ्यांच्या पाठीमागे. तोंडं सगळी काळोखात. भाऊ गेल्यावर त्या भल्या माणसाने ते आम्हाला आणून दिलं आणि सांगितलं, "डावीकडसून तिसरो तुमचो."

आईने बघितलं आणि लगेच म्हणाली, "व्हय, माजोच तो." मलाही तोच दिसला. तसाच खांदा उडवायचा तो. त्याचे फोटो आमच्याकडे काही कमी नाहीत. लायसनवरचा आहे, लग्नातले आहेत, चवथीचे आहेत. पण फोटोत तो गप्प उभा असतो. हलता, नाचता भाऊ आमच्याकडे एवढाच होता. म्हणून दिवा लावल्यावर रोज तो.

टीव्ही आम्ही भाऊ गेल्यावरच्या पहिल्या चवथीच्या आधी जुना डबा देऊन बदलून घेतलेला. पहिल्यांदा लावला तेव्हाच मी बघितलं, खाली डाव्या बाजूला ढग. तिसरा घोडा पुढे आला की नेमका त्या ढगात शिरायचा. पण आईच्या डोळ्यांत तेव्हा मोतीबिंदू दाटलेला, तिला सगळं जगच धुक्यात होतं. ती कदेल पुढे ओढून त्या घोड्यावरून बोटं फिरवायची आणि समाधानाने उठायची. मग मी कशाला तोंड उघडू?

आता डोळे लख्ख झाले आणि बाई हट्टाला पेटली. "माका आता मुंगीसुद्धा दिसता. मगे माजोच झील कित्याक दिसना? एकदा तेचां तोंड समा बघूक होयां माका. नाचताना. मगे ह्ये डोळे परत गेले तरी चलात."  एकदा त्याचं तोंड नीट बघायचं, यापलीकडे तिने माझ्याकडे इतक्या वर्षांत काही मागितलं नव्हतं. आणि स्क्रीनवरचा उजेड सारखा करणं हे तर माझ्या हातातलं काम!

मी कंबर कसली. आधी मागचा उजेड कमी केला. ढग गेला, त्याच्याबरोबर घोडेही गेले. परत वाढवला. मग टीव्ही गादीवर पालथा घालून मागचे स्क्रू थोडे थोडे सैल केले, कारण चौकट आवळलेली असली की ढग धरतो. मऊ फडक्याने अलगद दाबून बघितलं. ढग सरकला खरा, पण दुसऱ्या घोड्यावर जाऊन बसला. आई म्हणाली, "आता लोकांच्या पोराक झाकलंस!" टीव्ही तापला तसा ढग परत आपल्या जागी आला. मग टीव्हीच्या पाठीमागे भिंतीकडे तोंड करून एक दिवा लावला. असं केलं की डोळ्याला समोरचा काळोख जास्त काळा वाटतो, हे खरं आहे, थट्टा नाही. आईने बघितलं आणि म्हणाली, "बरां झालां. आता टीव्हीच्या पाठीसून सूर्य उगवलो." मोबाइलवर दाखवावं म्हटलं तर, "ह्यो मुंगयेएवढो झील माका नको." मी हात टेकले.

शेवटी एका शुक्रवारी रजा टाकली आणि आईला घेऊन म्हापशाला गेले. बाजारात शिरायच्या आधीच टीव्हीच्या मोठ्या दुकानात घुसलो. भिंतभर टीव्ही, सगळ्यांवर एकच चित्र, पोपट, फुलं, मधाची धार. दुकानातले टीव्ही सगळे गोरेच असतात. असलं लख्ख चित्र लावलं की चांगला कोणता आणि वाईट कोणता कळू नये, म्हणूनच ते लावतात. मी विक्रेत्याला सांगितलं की या कोपऱ्यातल्या ट्यूब विझवा आणि माझा पेनड्राइव्ह लावा. तो म्हणाला, "मॅडम, टीव्ही घ्यायला आलात की फोटो धुवायला?" पण माणूस बरा होता. विझवल्या.

पहिला लावला तो आमच्यासारखाच, कडेने उजेड असलेला. चारी कोपऱ्यांत ढग, आमच्या घरी निदान एकाच ठिकाणी होता. दुसऱ्यात एलईडी पाठीमागे सगळीकडे पसरलेल्या, आणि काळोख असेल तिथल्या तेवढ्या मंद होणाऱ्या. हा पुष्कळ बरा. पण एकेका एलईडीच्या वाट्याला स्क्रीनचा मोठा तुकडा येतो, त्यामुळे काळोखात एवढंसं काही चमकलं की त्याच्याभोवतीही उजेड सांडतो. प्रत्येक तलवारीभोवती देवाच्या फोटोसारखं वलय दिसत होतं. तोंडं अजून करडीच.

"ओएलईडी दाखवा," मी म्हटलं.

याच्यात मागे दिवा नसतोच. प्रत्येक ठिपका आपला आपण उजळतो आणि काळं दाखवायचं असेल तर सरळ विझतो. काळं म्हणजे काळंच, त्यात ढग यायला जागाच नाही. म्हणून तो सर्वगुणसंपन्न आहे असं नाही. एकच चित्र सारखं सारखं लावून ठेवलं तर त्याचा वण राहतो, आणि आमच्या पडवीसारख्या उजेडाच्या जागी तो मंद दिसतो. किंमत ऐकून तर आईने पदर तोंडाला लावला. पण आई एकदा खूश होऊ दे, मग परवडो न परवडो, हाच घरी न्यायचा, असं मी मनाशी धरूनच आले होते.

विक्रेत्याने फीत लावली. आणि काळोख झाला. खरा काळोख, मांडावर असतो तसा, त्यात कसला करडेपणा नाही की काही नाही. ढोल वाजला. त्या काळोखातून एकेक पगडी, एकेक तलवार, एकेक तोंड सुटं होऊन पुढे आलं. आमच्या टीव्हीवर जिथे नुसतं धुकं होतं, तिथे माणसं होती. घाम दिसत होता, पगडीवरची फुलं मोजता आली असती. आईने माझा दंड घट्ट धरला. रांग पुढे आली. तिसरा घोडा आला.

तो माझा भाऊ नव्हता.

तो मित्र होता. रुंद जबडा, जुळलेल्या भुवया, हसताना एका बाजूला जाणारं तोंड. त्यात शंकेला जागाच नव्हती.  आईकडे बघायची हिंमत होईना. ती म्हणाली, "परत लाव."

परत लावली. तिसऱ्यांदा ती टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन उभी राहिली आणि डावीकडून उजवीकडे एकेक तोंड बघत गेली, तांदूळ निवडतात तशी. पहिला नाही, दुसरा नाही, चौथा नाही. अगदी शेवटी उजव्या कडेने एका लाकडी घोड्याचं नुसतं तोंड आत येतं आणि फीत संपते. त्याच्या मागचा माणूस दिसतच नाही. आईने त्या लाकडी तोंडावर बोट ठेवलं.

"आजी, बोट लावू नका," विक्रेता म्हणाला. मग मला म्हणाला, "ब्लॅक काय सुरेख आहे ना, मॅडम?"

"हो," मी म्हटलं, "फार सुरेख आहे." आणि पेनड्राइव्ह काढून घेतला.

बाजार केला नाही. थेट डिचोलीच्या बसमध्ये जाऊन बसलो. अर्ध्या वाटेपर्यंत आई बाहेर बघत होती. मग म्हणाली, "तो आमचो न्हय."

"न्हय गे, आई."

"मी इतकी वर्सां तेका बघत होतंय. देवाकडे दिवो लावन. तेका!"

मी बसमध्येच रडायला लागले. लोक बघत होते, बघेनात का. चांगली स्क्रीन शोधायला गेले आणि भाऊ दुसऱ्यांदा गेला, असं मला झालं. त्या ढगात तो इतकी वर्षं सुखरूप होता. दुनियाभरच्या स्क्रीनमधले ढग काढून टाकायला शिकले मी, हा एक राहू दिला असता तर कुणाचं काय बिघडलं असतं?

त्यानंतर आई टीव्हीसमोर बसेनाशी झाली. दिवा लावायची आणि सरळ चुलीकडे वळायची. मी एकदा विचारलं, लावू का, तर म्हणाली, "कोणाक बघूक?" घर पुन्हा पहिल्या वर्षासारखं झालं. जेवताना शब्द नाही. तिचे नवे डोळे कोरडे, आणि मला ते कोरडे डोळे बघवत नव्हते. मला वाटलं, आता ती त्या मित्राचा आणखी राग करणार. त्याने तिचा मुलगा नेला, आणि वर मुलाची जागाही घेऊन बसला होता.

एका सकाळी पदेराचा, पाववाल्याचा, भोंगा वाजला. ती बाहेर जाऊन उंडे घेऊन आली, ते टोपलीत ठेवले आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "तेका घराकडे बोलाव."

"कोणाक?"

"तुका बरां ठावक आसा कोणाक."

"कित्याक गे, आई? काय बोलशील तू तेका?"

"इचारूचां आसा. माजो खंय होतो, तां तेकाच ठावक आसतलां."

दुपारी कँटीनमध्ये मी माझा डबा उचलला आणि त्याच्या बाकाकडे गेले. तो उठूनच उभा राहिला, हातातला घास तसाच. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी त्याला जवळून बघत होते. गालाची हाडं वर आलेली, शर्ट खांद्यावर लोंबत होता. टीव्हीतला तो रुंद जबड्याचा मुलगा आणि हा, दोघं एकच हे कुणाला सांगून पटलं नसतं.

"आईने बोलावलंय," मी म्हटलं. "आयतवारी ये."

"माका?" तो म्हणाला. "मावशेन माका बोलावलां?" त्याच्या तोंडावर अशी भीती होती की मला भडभडून आलं. मी मान हलवली आणि तिथून निघाले.

आयतवारी तो इस्त्रीचा शर्ट घालून आला आणि पायरीखाली उभा राहिला. वर काही येईना. मी ये म्हटलं तरी येईना. आई पडवीत आली, म्हणाली, "वयर ये." तेव्हा आला. कदेल रिकामं होतं, पण त्यावर न बसता खाली जमिनीवर बसला, दुखरा पाय पुढे लांब करून.  आई मला म्हणाली, "लाय गो ती फीत."

मी लावली. आमचा टीव्ही, आमचा ढग. ढोल सुरू झाला, रांग पुढे आली, तिसरा घोडा ढगात शिरला.

"माका हल्ली समा दिसना," आई त्याला म्हणाली. मी चमकून तिच्याकडे बघितलं. भिंतीवरची मुंगी दिसणारी बाई! "तू मांडार होतंस. तू सांग. ह्यातलो माजो झील खंयचो?"

तो स्क्रीनकडे बघत राहिला. आपली चाल, आपला खांदा माणूस कितीही ढगात ओळखतो. त्याने ओळखला, मला दिसलं ते. त्याचा हात नकळत स्वतःच्या दुखऱ्या पायावर गेला. त्याला ठाऊक होतं माझा भाऊ कुठे होता. रांगेच्या शेवटी, चित्राच्या बाहेर, त्या लाकडी तोंडाच्या मागे. त्याने तसं सांगितलं असतं तर ते खरं होतं, आणि खरं सांगायलाच तर त्याला बोलावलं होतं. फीत संपली. मी परत लावली. 

दुसऱ्यांदा रांग पुढे आली तेव्हा तो गुडघ्यांवर सरकत टीव्हीजवळ गेला. बोट वर केलं आणि तिसऱ्या घोड्यावर, स्वतःवर ठेवलं.

"ह्यो, मावशे," तो म्हणाला. "ह्यो तुमचो. तेच्यासारको त्या दिसा कोणच नाचलो नाय."

आवाज जरासुद्धा हलला नाही त्याचा. म्हातारीला दिसत नाही, तर तिला तिचा मुलगा असू दे, म्हणून त्याने स्वतःला तिथून पुसून टाकलं होतं. मला ओरडावंसं वाटलं, अरे, तिला दिसतं, तिला सगळं दिसतं! 

आई टीव्हीकडे बघतच नव्हती. ती त्याच्याकडे बघत होती. बसलेले गाल, खांद्यावर लोंबणारा शर्ट, लांब केलेला पाय, सगळं ती सावकाश बघत गेली. मग कदेलावरून उठली, त्याच्याजवळ खाली बसली आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"तेव्हा कसो भरलेलो होतंस," ती म्हणाली. "किती सुकलंस रे, पुता."